बावन्न रिपोर्ट आणि सॉफ्टवेअरचा टक्का

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका डिग्री कॉलेजात गेस्ट लेक्चरर आहे, अर्थशास्त्र शिकवते. यंदा शेवटच्या वर्षाच्या ५२ मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्याकडे आले. आमच्या एचओडी सरांनी इंटरनेटवरचं एक फुकटचं सॉफ्टवेअर शोधून काढलं आणि सगळे रिपोर्ट त्यात घालायला लावले. ३१ रिपोर्टांवर '२० टक्क्यांहून जास्त एआय' असं आलं. सर म्हणतात, यूजीसीचा नियम आहे, या ३१ जणांना इंटर्नलचे मार्क द्यायचे नाहीत.

त्यात खानापूर तालुक्यातली एक मुलगी आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. गावातल्या स्त्री शक्ती संघांवर, म्हणजे बायकांच्या बचत गटांवर, तिने रिपोर्ट केलाय. तिला ६८ टक्के आले. माझ्यापुढे उभी राहून रडली. 'मॅडम, मी स्वतः लिहिलंय की हो. फक्त ग्रामर तेवढं मोबाइलवर बघून घेतलं.' दुसऱ्या एका मुलाने अख्खा रिपोर्ट चॅटजीपीटीकडून करून घेतलाय, वर्गातल्या सगळ्यांना ते माहीत आहे. त्याला ३ टक्के आले, कारण 'माणसाने लिहिल्यासारखं' करून देणारं दुसरं अ‍ॅप त्याने वापरलं.

आता प्रिन्सिपलांनी मला एआय समितीची कन्व्हीनर केलंय. पंधरा दिवसांत नियम लिहून द्या म्हणालेत. माझी नेमणूक वर्षावर्षाची, सरांच्या विरोधात जायची हिंमत होत नाही. आणि खरं सांगायचं तर गेल्या सेमिस्टरला टेस्टचे प्रश्न मीही चॅटजीपीटीकडूनच काढून घेतले होते. मग मी कुठल्या तोंडाने नियम लिहू?

– एक गेस्ट लेक्चरर


सप्रेम नमस्कार,

मार्क भरायचे दिवस जवळ आले असणार, म्हणून आधी तातडीचं. या ३१ मुलांचे मार्क त्या टक्क्यावर अडवू नका. तशा कागदावर सही करा असा आग्रह झाला, तर 'प्रत्येकाची तोंडी घेतल्याशिवाय मला सही करता येणार नाही' एवढं एक वाक्य प्रिन्सिपलांना लेखी द्या. का, ते सविस्तर सांगते. हीच कारणं तुम्हाला सरांपुढे मांडावी लागणार आहेत.

सर ज्याला यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम म्हणतात तो २०१८ सालचा, साहित्यचौर्य रोखण्यासाठीचा. त्यात पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. वीस टक्क्यांची पायरी त्यात कुठेच नाही. शिवाय हे टक्के साम्याचे आहेत, म्हणजे आधी कुणीतरी लिहिलेल्या मजकुराशी किती जुळतं त्याचे. तो नियम निघाला तेव्हा चॅटजीपीटी नव्हतंच, ते आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याच्या व्याख्येत आहे. तो लागू होतो पदव्युत्तर आणि संशोधनाच्या प्रबंधांना, शोधनिबंधांना, पुस्तकांना. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, उत्तरपत्रिका हे सगळं त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. तुमच्या डिग्रीच्या मुलांचे रिपोर्ट त्यात बसतच नाहीत. सरांकडे त्या नियमाची प्रत नसेल तर यूजीसीच्या वेबसाइटवरून काढून, व्याख्येच्या पानावर खूण करून, त्यांच्या टेबलावर ठेवा.

त्या नियमातली एक गोष्ट मात्र जरूर उचला. शिक्षा कधी करायची, याबद्दल तो फार काटेकोर आहे. गैरप्रकार निःसंशय सिद्ध झाला पाहिजे, अपिलाचे सगळे मार्ग संपले पाहिजेत, आणि त्या माणसाला आपली बाजू मांडायला पुरेशी संधी मिळालेली पाहिजे. पीएच.डी. करणाऱ्याला एवढं संरक्षण आहे. वीस वर्षांच्या पोरीला त्यातलं निम्मं तरी मिळू दे.

आता टक्क्याकडे येऊ. साहित्यचौर्याचा रिपोर्ट तुम्ही पाहिला असेल. उतरवलेली ओळ आणि जिथून उतरवली ती मूळ ओळ शेजारी शेजारी दिसते. बरोबर की चूक, हे तुम्हाला तुमच्या डोळ्यांनी ताडून बघता येतं. एआयच्या रिपोर्टात मूळ ओळ नाही. असूच शकत नाही, कारण यंत्र दरवेळी नवी वाक्यं जुळवतं. तिथे फक्त एक आकडा असतो, आणि तो कुठून आला हे ना तुम्ही तपासू शकता, ना ती मुलगी खोडून काढू शकते. दोन्ही आकड्यांना आपण 'टक्के' म्हणतो म्हणून ते एकाच जातीचे वाटतात. सरांचा घोटाळा इथेच झाला आहे, आणि तो त्यांच्या एकट्याचा नाही. बऱ्याच कॉलेजांत असंच चाललंय.

हा आकडा येतो कसा? मी 'बेळगावचा' म्हटलं की पुढे 'कुंदा' येणार हे कुणीही सांगेल. 'निपाणीची' म्हटलं की 'तंबाखू'. चॅटजीपीटीसारखी भाषेची यंत्रं याच रीतीने चालतात. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कुठला असेल याचा अंदाज बांधत एकेक पाऊल टाकतात. लबाडी पकडणारी बरीचशी सॉफ्टवेअरं तोच अंदाज उलट बाजूने लावतात. पुढचा शब्द दरवेळी सहज ओळखता आला, तर म्हणतात यंत्राने लिहिलं. मध्येच अनपेक्षित शब्द आला, वाक्याने आडवळण घेतलं, तर म्हणतात माणसाने लिहिलं.

आता त्या खानापूरच्या मुलीचं इंग्रजी डोळ्यांपुढे आणा. 'द प्रेझेंट स्टडी अटेम्प्ट्स टु अ‍ॅनालाइज', 'सेल्फ हेल्प ग्रुप्स प्ले अ व्हायटल रोल'. हे तिला कुणी शिकवलं? आपणच. सीनियरचा जुना रिपोर्ट हातात देऊन, 'हे बघ, असं लिही' म्हणून. घरात मराठी, तालुक्याच्या ऑफिसात कन्नड, आणि लिहायचं इंग्रजीत. तिसऱ्या भाषेत लिहिणारं मूल चुकू नये म्हणून पायाखालच्या वाटेनेच जातं. ठरलेले शब्द, ठरलेली वाक्यं. सॉफ्टवेअरने त्या वाटेला यंत्राची वाट म्हटलं.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात सॉफ्टवेअरं तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांत घातले. सगळे माणसांनी लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले गेले. मग त्या संशोधकांनी तेच ९१ निबंध चॅटजीपीटीकडे देऊन त्यातले शब्द जरा भारदस्त करून घेतले, तर चुकीचा ठपका एकदम खाली आला. यंत्राचा हात फिरल्यावर निबंध माणसाचे ठरले. तुमच्या वर्गात ३ टक्केवाला मुलगा आणि ६८ टक्केवाली मुलगी ही त्याचीच घरची आवृत्ती आहे.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेही जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखणारं साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत ते यंत्राच्या मजकुरातला २६ टक्केच पकडत होतं, आणि माणसाच्या मजकुरातल्या ९ टक्क्यांवर खोटा आळ घेत होतं. जुलैत त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिन या तपासणीच्या सॉफ्टवेअरचं एआय ओळखणं बंद करून टाकलं. त्यांचा हिशोब साधा होता. वर्षाला ७५ हजार पेपर येतात, कंपनी म्हणते चूक एकच टक्का, तरी साडेसातशे मुलांवर नाहक आळ. आपल्याकडेही एक प्रकरण कोर्टात गेलं. हरयाणातल्या एका खासगी विद्यापीठाने एलएल.एम.च्या विद्यार्थ्याचं उत्तर ८८ टक्के एआय ठरवून त्याला नापास केलं. तो २०२४ मध्ये पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयात गेला. प्रकरण चालू असतानाच विद्यापीठाने आपला निर्णय फिरवला आणि त्याला पास केलं. तो मुलगा वकील होता, कोर्टाची पायरी त्याच्या ओळखीची होती. खानापूरच्या मुलीला तेवढं कुठून जमणार?

एक माझी गोष्ट सांगते, आजवर कुठे लिहिली नव्हती. १९९१-९२ चं वर्ष असेल. मी बेळगावात मराठी शिकवत होते. अथणीकडच्या एका मुलाने पावसावर निबंध दिला. त्यात वाक्य होतं, 'आजाने चाड्यावर मूठ धरली आणि मी मागून चालू लागलो.' मी शहरात वाढलेली. चाड्यावर मूठ धरणं, म्हणजे पेरताना चाड्यातून बी सोडणं, मला फक्त पुस्तकातून ठाऊक होतं. मला वाटलं, हे वाक्य या मुलाचं असणं शक्य नाही. भर वर्गात विचारलं, 'कुठून उतरवलंस?' तो काहीच बोलला नाही. वही घेऊन बसला खाली. दोन वर्षांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या गावी गेले होते, पेरणीचे दिवस होते. शेतात कुरी चालली होती, आणि म्हातारा माणूस खरंच चाड्यावर मूठ धरून चालला होता. तोवर तो मुलगा कॉलेज सोडून गेला होता. त्या दिवसानंतर त्याने माझ्याकडे एकही निबंध दिला नव्हता, हे मला तेव्हा उमगलं. त्याची माफी मागायची राहून गेली. तुमच्या पत्रातली रडणारी मुलगी वाचली आणि त्याची ती वही आठवली.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते, समितीच्या पहिल्या बैठकीच्या आधी करायचं. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर २०१८, २०१९ च्या बॅचचे रिपोर्ट कुठेतरी पडलेले असतील. चॅटजीपीटीच्या जन्माआधीचे, आपल्याच मुलांनी लिहिलेले. त्यातले वीसेक घ्या. मराठी माध्यमाचे, कन्नड माध्यमाचे, इंग्रजी माध्यमाचे, असे मिसळून. नावं, रजिस्टर नंबर, गावांचे उल्लेख, फोन नंबर सगळं काढून टाका आणि सरांनी शोधलेल्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये घाला. येईल तो आकडा कागदावर मांडा, माध्यमाप्रमाणे वेगळा. त्यातले पाच-सहा जरी 'एआय' निघाले, तर सरांशी वाद घालायची गरज उरत नाही, तो कागदच बोलेल. आणि एकही निघाला नाही, तर तेही प्रामाणिकपणे समितीपुढे ठेवा. मग त्या ३१ जणांबद्दलचा संशय थोडा वजनदार होतो, तरी संशयच राहतो. परदेशातले आकडे ऐकून सर म्हणतील, 'ते तिकडचं, इकडचं वेगळं.' ही चाचणी इकडचीच आहे.

आता तोंडी. ५२ मुलं, प्रत्येकाला दहा मिनिटं, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ तास. तीन दुपारी. ३१ जणांनाच बोलावू नका, सगळ्यांना बोलवा, नाहीतर ज्याचं नाव यादीत आलं तो आधीच गुन्हेगार होऊन आत येतो. शेजारी दुसरे एक शिक्षक बसवा, शक्य झालं तर कन्नड नीट येणारे. आणि मुलाला ज्या भाषेत बोलायचंय त्या भाषेत बोलू द्या. तुम्हाला अर्थशास्त्र तपासायचंय.

प्रश्न शेताच्या बांधावरचे विचारा. त्या मुलीला विचारा, संघाची बैठक कुठल्या वारी असते? भातकापणीच्या दिवसांत होते का? कर्जाचा हप्ता कुणाचा थकला होता, तेव्हा बाकीच्या बायकांनी काय केलं? तुझ्या तक्त्यात तीस बायका असतील, तर त्यातल्या कुणी उत्तर द्यायला नकार दिला का? जी त्या बायकांमध्ये बसून आली आहे तिच्याकडे याची उत्तरं रिपोर्टात मावली नसतील इतकी असतात. तिची कच्ची वही, भरलेल्या प्रश्नावल्या, मोबाइलमधले फोटो बघा. ती म्हणते ग्रामर तेवढं मोबाइलवर बघून घेतलं. तर मग कुठे, किती, ते दाखव म्हणा. ग्रामर तपासू नका असं तिला कधी सांगितलं होतं का? नसेल, तर जो नियम तेव्हा नव्हता तो आज मागे नेऊन लावता येणार नाही.

३ टक्केवाल्या मुलालाही हेच प्रश्न. 'वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे' हाही पुरावा नव्हे, हे लक्षात असू द्या. सॉफ्टवेअरच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि वर्गातल्या कुजबुजीवर ठेवायचा, असं करता येत नाही. त्याने वडगावच्या विणकरांवर लिहिलं असेल तर विचारा, किती यंत्रमाग पाहिलेस, सुताचा भाव कुणी सांगितला, भरलेल्या प्रश्नावल्या कुठे आहेत? न भेटलेल्या माणसांची उत्तरं तक्त्यात भरली असतील, तर ते खोटं आहे. एआय यायच्या आधीही ते खोटंच होतं, त्याला नवा नियम लागत नाही. त्याला परत पाठवा. दहा माणसांना भेटून ये, हाताने लिहून आण, मग बघू. मला स्वतःला शून्य देण्यापेक्षा हे बरं वाटतं. त्या पोराला माणसांशी बोलायला लावणं हाच तर त्या प्रोजेक्टचा हेतू होता.

प्रत्येक रिपोर्टातल्या संदर्भयादीतून कुठलेही दोन संदर्भ उचलून शोधा. लायब्ररीत, इंटरनेटवर, जिथे मिळतील तिथे. ही यंत्रं अस्सल वाटणारी पुस्तकं, लेख आणि लेखक रचून देतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले खटले कोर्टापुढे ठेवले होते. त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. नसलेला संदर्भ हा मात्र खराखुरा पुरावा आहे, टक्क्यासारखा अंदाज नव्हे. इथे मी त्या मुलीचीही बाजू घेणार नाही. तिच्या यादीत असे संदर्भ निघाले तर तिलाही ते काढून, का घातले ते सांगून, दुरुस्त करून द्यावं लागेल.

नियम लिहायचं दडपण घेऊ नका. तुम्ही मागे पडलेल्या नाही आहात. २०२३ मध्ये युनेस्कोने साडेचारशेहून अधिक शाळा-विद्यापीठांची पाहणी केली, तेव्हा दहा टक्क्यांहून कमी ठिकाणी काही नियम किंवा मार्गदर्शन होतं. मोठमोठ्या विद्यापीठांनीही आधी घाबरून बंदी घातली आणि मग पाऊल मागे घेतलं. हाँगकाँग विद्यापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एआय वापरायला मनाई केली होती, त्याच वर्षीच्या पुढच्या सत्रात परवानगी दिली. मला स्वतःला सिडनी विद्यापीठाची रीत पटली. त्यांनी परीक्षेचे दोन मार्ग केले. एक वर्गात, देखरेखीखाली, जिथे मुलाला स्वतःला काय येतं ते बघायचं. दुसरा मोकळा, घरी करायचा, जिथे एआय वापरलं जाणारच असं धरून चालायचं आणि वापरायलाही शिकवायचं. घरी करायच्या कामात 'एआय वापरू नका' अशी पाटी लावून, मग पोलिसगिरी करत बसण्यापेक्षा हे सरळ आहे.

तुमचा नियम एका पानाचा असू दे, मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत. इंग्रजीतलाच नियम लावायचा आणि तो न समजलेल्या मुलाला पकडायचं, हे आपल्या सीमाभागात तरी होऊ नये. कार्यालयातला आपल्याला न कळलेला कागद हातात धरून उभं राहणं काय असतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? त्या पानावर मुख्य गोष्ट ही की, प्रत्येक काम देतानाच शिक्षकाने सांगायचं, यात एआय चालेल की नाही आणि कशापुरतं. ग्रामर सुधारणं, शब्दांचं भाषांतर, अवघड धडा समजावून घेणं हे बहुतेक कामांत चालू द्यावं असं माझं मत. मुलगी मराठीत विचार करते, तो इंग्रजीत नेण्यासाठी आधार घेते, यात मला पाप दिसत नाही. सातशे रुपयांचा क्लास लावणाऱ्या मुलाला हाच आधार माणसाकडून मिळतो. माहिती गोळा करणं, आकडे, निष्कर्ष हे मात्र मुलाचेच. आणि जे वापरलं ते शेवटच्या पानावर दोन ओळींत लिहायचं: कुठलं साधन, कशासाठी. ही कबुली दिली म्हणून मार्क कापायचे नाहीत, हेही त्याच पानावर लिहा. नाहीतर पहिल्या वर्षी खरं सांगणारा मार खाईल आणि दुसऱ्या वर्षी कुणीच सांगणार नाही. शिक्षा करायची झाली तर तोंडी, कच्चं काम आणि संदर्भ बघून दोन शिक्षकांनी मिळून ठरवायचं. सॉफ्टवेअरचा टक्का एकटा कधीच पुरेसा नाही, हे वाक्य ठळक.

सगळं हाताने लिहून घ्या, असं कुणीतरी बैठकीत सुचवेल. मोबाइलवरचं बघून वहीत उतरवायला कितीसा वेळ लागतो? त्यापेक्षा काम असं द्या की जे मोबाइलला माहीतच नाही. आपल्या घरातल्या तूप, अडकित्ता, अक्का या शब्दांसारखे कन्नडमधून आलेले शब्द आजीला विचारून गोळा करा. आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानात उधारीची वही कशी चालते ते बघून या. कणकुंबी-जांबोटीकडच्या मुलाला नेटवर्क मिळत नाही म्हणून तो मागे पडतो, इथे तो पुढे असेल.

हा नियम तुमच्या कॉलेजच्या हातात आहे तो इंटर्नलपुरता. परीक्षेची आणि मार्कांची मुख्य चौकट विद्यापीठाची असते. कर्नाटक राज्य विद्यापीठ कायदा २००० प्रमाणे बोर्ड ऑफ स्टडीज, अ‍ॅकॅडमिक कौन्सिल, सिंडिकेट अशी ती वाट आहे (पलीकडे शिवाजी विद्यापीठात ज्याला आपली माणसं अभ्यास मंडळ, विद्या परिषद म्हणतात, तेच). तुमचं पान तयार झालं की प्रिन्सिपलांच्या सहीने बोर्ड ऑफ स्टडीजच्या अध्यक्षांना पाठवा, सोबत त्या जुन्या रिपोर्टांच्या चाचणीचा कागद जोडून. एका गेस्ट लेक्चररचं पत्र म्हणून ते बाजूला पडेल. कॉलेजचं पत्र आणि सोबत आकडे असले तर वाचावं लागेल.

तुमच्या स्वतःच्या दोन गोष्टी राहिल्या. टेस्टचे प्रश्न चॅटजीपीटीकडून काढले, याचं तुम्हाला फार वाटतंय. प्रश्न नीट वाचून, चुका काढून, आपल्या अभ्यासक्रमाशी ताडून घेतले होते ना? मग वर्गात सांगून टाका. 'गेल्या सेमिस्टरला मी हे असं वापरलं, इथे इथे त्याचं चुकलं होतं, मी दुरुस्त केलं.' आणि नियमाच्या त्याच पानावर लिहा की शिक्षकही वापरतील तेव्हा सांगतील. मुलांना लावतो तो नियम आपल्याला लावून घेतलात की तोंड कुठलं हा प्रश्न संपतो. पेपर तपासायला मात्र यंत्राच्या हाती देऊ नका.

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते, आणि तिचा तुम्ही पत्रात उल्लेखही केला नाही. ५२ मुलांचे रिपोर्ट तुम्ही एका फुकटच्या वेबसाइटवर चढवलेत. त्यात मुलांची नावं, रजिस्टर नंबर. शिवाय संघातल्या बायकांची नावं, कुणी किती कर्ज घेतलं, कुणाचं थकलं. त्या बायकांनी हे गावच्या पोरीला विश्वासाने सांगितलं, वेबसाइटला नव्हे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी हे बरोबर नव्हतं. त्या साइटवर मजकूर काढून टाकायची सोय असेल तर आजच काढा. नसेल तर कंपनीला तसं लिहा. पुढे नावांसकट असं काही कधी चढवायचं नाही, हे नियमाच्या पानावर लिहा. मुलांनीही भेटलेल्या माणसांची नावं एआयला द्यायची नाहीत, हे त्याच्याच खाली.

सरांबद्दल. ते वाईट आहेत असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. फसवलं जातंय या भावनेने ते चिडलेले दिसतात, आणि ती भावना खोटी नाही. त्यांना चारचौघांत खोडून काढू नका. एकट्याने भेटा, व्याख्येचं ते पान दाखवा, आणि म्हणा, 'सर, उद्या एखादा पालक तक्रार घेऊन आला तर आपल्याकडे काय कागद आहे?' यूजीसीचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम आहेत. मुलाला कॉलेजच्या समितीकडे जाता येतं, तिथे समाधान झालं नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. त्या दिवशी '६८ टक्के' एवढा एकच आकडा हातात घेऊन उभं राहावं लागेल, आणि उभं राहावं लागणार ते सरांना. तोंडीचा प्रस्ताव त्यांच्या नावाने जाऊ द्या, हवं तर. श्रेय त्यांना मिळालं तर मुलांचं काही बिघडत नाही, आणि तुमच्या पुढच्या वर्षाच्या नेमणुकीवरही सावली पडत नाही. फक्त जे ठरेल ते बैठकीच्या मिनिट्समध्ये लिहून घ्या. समितीच्या कागदावर तुमची एकटीची सही नको, सगळ्यांच्या हव्यात. सर तरीही अडून बसले, तर मी सुरुवातीला लिहिलेलं ते एक वाक्य प्रिन्सिपलांना द्या आणि त्याची पोच घ्या.

आणि त्या मुलीला नियम, समिती, बैठक यांची वाट बघायला लावू नका. आजच फोन करा. मराठीत बोला. म्हणावं, तुझे मार्क कुणी कापलेले नाहीत, पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं बसून बोलायचंय, येताना संघाच्या बायकांना विचारलेल्या प्रश्नांची कच्ची वही तेवढी घेऊन ये.